आळ्याचा रेडा आणि खोडदचा संगणक

देह म्हणजे हार्डवेअर आणि आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर, ही उपमा अलीकडच्या प्रवचनांत आणि अध्यात्मपर लेखनात इतकी रुळली आहे की ती तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. देह दिसतो व आत्मा दिसत नाही, तसे यंत्र हाताला लागते व प्रोग्रॅम लागत नाही. देह पडला तरी आत्मा दुसरा देह धारण करतो, तसा जुना संगणक भंगारात गेला तरी त्यातील प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालू लागतो, असे या उपमेचे स्वरूप आहे. ती सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, कारण अवघड विषय श्रोत्याच्या ओळखीच्या वस्तूवरून उलगडून दाखवणे ही संतांचीच रीत आहे. परंतु संगणक प्रत्यक्षात कसा चालतो हे मुळापासून पाहिले तर ही उपमा टिकत नाही, आणि बुद्धी व चैतन्य यांच्यात भारतीय दर्शनांनी मोठ्या कष्टाने केलेला भेदही तिच्यामुळे पुसला जातो. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या परिसरात या प्रश्नाची बहुतेक अंगे एकत्र सापडतात: खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, नाणेघाटातील अंकांचा शिलालेख, जुन्नरभोवतीची बौद्ध लेणी आणि आळे येथील रेड्याची समाधी.

आरंभ यंत्रापासून करणे योग्य ठरेल. संगणकाचा सर्वांत लहान कार्यकारी घटक म्हणजे ट्रान्झिस्टर, अर्थात सिलिकॉनच्या पातळ चकतीवर घडवलेला अतिसूक्ष्म विद्युत-स्विच. येडगाव किंवा डिंभे धरणाच्या कालव्यावर दार असते आणि ते उघडले की पाणी पुढे जाते, तसाच विजेचा प्रवाह ट्रान्झिस्टरमधून जातो किंवा अडतो. फरक एवढाच की कालव्याचे दार माणूस उघडतो, तर ट्रान्झिस्टरचे दार दुसऱ्या एखाद्या तारेतील विजेच्या दाबाने उघडते. या एका फरकात संगणकाचे सारे सामर्थ्य साठवलेले आहे, कारण एका दाराचे उघडणे दुसऱ्या दाराच्या उघडण्याचे कारण बनू शकते आणि अशी कोट्यवधी दारे माणसाच्या हाताशिवाय एकमेकांना चालवू शकतात. दोन दारे एकामागे एक ठेवली तर दोन्ही उघडी असतानाच प्रवाह पुढे जातो, ही ‘आणि’ची रचना, शेजारी शेजारी ठेवली तर कोणतेही एक उघडे असले तरी पुरते, ही ‘किंवा’ची, आणि आत प्रवाह आला की बाहेरचा बंद व्हावा अशी जोडणी केली की ‘नाही’ची रचना मिळते. प्रवाह असणे म्हणजे 1 आणि नसणे म्हणजे 0 असे मानले की या तीन रचनांतून गणित उभे राहते.

ते कसे, हे एका बेरजेवरून पाहता येईल. दोनच अंक वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत 1 मध्ये 1 मिळवले की एककाच्या जागी 0 येतो आणि हातचा 1 राहतो. हातचा केव्हा येतो, तर दोन्ही अंक 1 असतील तेव्हाच, म्हणजे हातच्यासाठी ‘आणि’ची रचना पुरेशी आहे; एककाच्या जागी 1 केव्हा येतो, तर दोहोंपैकी नेमका एकच 1 असेल तेव्हा, आणि हेही वरील तीन रचना जोडून साधते. अशा जोडण्या एकीचा हातचा दुसरीला देत ओळीने मांडल्या की कितीही मोठ्या संख्यांची बेरीज होते, बेरजेतून गुणाकार होतो, आणि चित्र, आवाज, नकाशा, हवामानाचा अंदाज हे सर्व शेवटी बेरजा, गुणाकार व तुलना यांवर येऊन ठेपते. या साखळीत बेरीज म्हणजे काय हे जाणणारा घटक कोठेही नाही. प्रत्येक दार केवळ आपल्याला लागलेल्या दाबाला प्रतिसाद देत असते.

अशा एका 0 किंवा 1 ला बिट म्हणतात आणि आठ बिटांच्या गटाला बाइट. बिट साठवून ठेवणारा भाग म्हणजे मेमरी, आणि मेमरीतील आज्ञा एकेक करून उचलणारा, तिचा प्रकार ओळखणारा व ती पार पाडणारा भाग म्हणजे प्रोसेसर. उचलणे, ओळखणे, पार पाडणे हे चक्र एका स्फटिकाच्या ठोक्यांवर आजच्या साध्या संगणकातही सेकंदाला अब्जावधी वेळा फिरते. भारतात घडवलेला पहिला मोठा संगणक, टिफ्रॅक, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये कार्यान्वित झाला. त्यात ट्रान्झिस्टरऐवजी सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या आणि त्याच्या मेमरीत प्रत्येकी 40 बिटांचे 2,048 शब्द मावत, म्हणजे मासिकातील मध्यम लांबीचा एक मराठी लेखही त्यात पूर्ण बसला नसता. तरीही तत्त्वतः तो आजच्या संगणकाहून वेगळा नव्हता. ॲलन ट्युरिंग यांनी 1936 मध्ये दाखवून दिले होते की एकच सामान्य यंत्र, योग्य आज्ञावली दिल्यास, आज्ञांनी मांडता येणारी कोणतीही गणना करू शकते; आणि जॉन फॉन नॉयमन यांच्या 1945 च्या अहवालात आज्ञा आणि माहिती या दोन्ही गोष्टी एकाच मेमरीत, एकाच प्रकारच्या चिन्हांनी ठेवण्याची रचना मांडली गेली.

सॉफ्टवेअर म्हणजे नेमके काय, याचे उत्तर या शेवटच्या मुद्द्यात आहे. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो वाचण्यासारख्या भाषेत. तिचे प्रोसेसरला चालणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम वेगळा असतो, आणि कोणत्या प्रोग्रॅमला केव्हा किती वेळ व किती मेमरी द्यायची याची व्यवस्था पाहणारा ऑपरेटिंग सिस्टीम नावाचा प्रोग्रॅम त्याहून वेगळा. परंतु चालू असलेला कोणताही प्रोग्रॅम शेवटी मेमरीतील सूक्ष्म विद्युतभारांची मांडणी असतो, आणि आजच्या प्रचलित मेमरीत हा भार सतत झिरपत असल्याने सेकंदाला अनेकदा तो वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज तोडली की मांडणी विस्कटते. तबकडीवर किंवा चिपवर दीर्घकाळ ठेवलेला प्रोग्रॅम हीसुद्धा चुंबकीय किंवा विद्युत खुणांची मांडणीच होय. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर हा भेद अशा रीतीने जड आणि अजड यांतील भेद ठरत नाही. तो जडाच्या टिकाऊ मांडणीतील आणि सहज बदलता येणाऱ्या मांडणीतील भेद आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा खोडदला मिळतो. नारायणगावजवळच्या या परिसरात राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. टिफ्रॅक घडवणाऱ्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचेच हे केंद्र, आणि दुर्बिणीची कल्पना व उभारणी प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालील. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना येथे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत, त्यांपैकी 14 मध्यवर्ती चौकात आणि 16 तीन भुजांवर. शेतांच्या कडेने, द्राक्षबागांच्या पलीकडे उभ्या असलेल्या या तबकड्यांपैकी एकही एकटी आकाशाचे तपशीलवार चित्र देऊ शकत नाही. प्रत्येकीने टिपलेला क्षीण रेडिओ संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत आणला जातो, त्याचे अंकांत रूपांतर होते, तो वेगवेगळ्या कंप्रतांत विभागला जातो आणि मग प्रत्येक अँटेनाच्या संकेताचा इतर प्रत्येकीच्या संकेताशी गुणाकार केला जातो. तीस अँटेनांच्या अशा 435 जोड्या होतात, आणि या अखंड चाललेल्या गुणाकारांतूनच दूरच्या दीर्घिकेची प्रतिमा उमटते. म्हणजे या दुर्बिणीचे भिंग एका अर्थाने संगणकच आहे.

या गुणाकारयंत्राचा इतिहास प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने मोलाचा आहे. दुर्बीण सुरू झाली तेव्हा हे काम त्याच कामासाठी घडवलेल्या खास चिपा करीत, म्हणजे गणित हार्डवेअरमध्येच कोरलेले होते. पुढे 2010 च्या सुमारास ते सर्वसाधारण संगणकांच्या समूहावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे आले. आणि दुर्बिणीच्या अलीकडच्या सुधारणेत त्याचा एक भाग आंतररचना बदलता येणाऱ्या चिपांकडे आणि गुणाकारांचा भार मुळात पडद्यावरील चित्रांसाठी बनलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांकडे गेला. तीन देह, काम एकच. वरवर पाहता ही देहांतराच्या उपमेला मिळालेली पुष्टीच वाटते, आणि आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील कार्यवाद नावाच्या मताचा युक्तिवादही असाच आहे: मन म्हणजे एक कार्य, ते मेंदूच्या पेशींनी केले काय किंवा सिलिकॉनने केले काय, कार्य तेच असेल तर मनही तेच.

परंतु या तिन्ही यंत्रांचे काम ‘एकच’ कोणी ठरवले, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. चिपेला ते ठाऊक नाही, ग्राफिक्स प्रोसेसरलाही नाही. दोहोंच्या निष्पत्तीला आकाशाची प्रतिमा म्हणून वाचणारा संशोधक ती एकता ठरवतो. मूळचे आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, माणसे आपली घरे आणि देवळे सोडून विखुरली, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, आणि तरीही तालुका आंबेगाव याच नावाने ओळखला जातो. हे सातत्य खरे आहे आणि त्या माणसांच्या दृष्टीने ते मोलाचेही आहे, पण ते नाव धरून ठेवणाऱ्यांच्या स्मृतीत आणि दप्तरात आहे, बुडालेल्या दगडमातीतून निघून दुसरीकडे शिरलेल्या कशात नाही. शिवाय प्रोग्रॅम स्थलांतर करतच नाही, त्याची नक्कल होते. जुनी प्रत जागेवर राहते व नवी दुसरीकडे तयार होते, आणि एकाच वेळी शंभर ठिकाणी ती चालू शकते. जीर्ण वस्त्र टाकून नवे घेणाऱ्या देहीविषयी गीतेने जे सांगितले आहे, त्यात असल्या प्रतींना जागा नाही.

याहूनही निर्णायक गोष्ट म्हणजे प्रोग्रॅमचे चालणे ही पूर्णतः भौतिक घटना असते. ट्रान्झिस्टर उघडमीट करतात तेव्हा विजेच्या बदलत्या प्रवाहातून रेडिओ लहरी बाहेर पडतात, आणि दूरच्या दीर्घिकांच्या संकेतांपुढे त्या इतक्या प्रबळ असतात की खोडदला संगणकांचा गोंगाट अँटेनांपर्यंत पोहोचू नये म्हणून यंत्रे धातूच्या आवरणाने बंदिस्त केलेल्या खोल्यांत ठेवावी लागतात. येथे केलेला प्रत्येक गुणाकार अवकाशात एक क्षीण आवाज सोडतो व खोलीत थोडी उष्णता सोडतो. रॉल्फ लँडावर यांनी 1961 मध्ये मांडले की एक बिट पुसण्यासाठीसुद्धा उष्णतेची एक किमान किंमत मोजावीच लागते, आणि 2012 मध्ये प्रयोगाने त्याची पुष्टी झाली. ज्याच्यापासून दुर्बिणीला लोखंडी भिंतीआड संरक्षण द्यावे लागते, त्याला अशरीरी म्हणणे अवघड आहे.

मग प्रोग्रॅममध्ये अर्थ कोठून येतो? या प्रश्नासाठी नाणेघाटाकडे वळावे लागते. कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या या प्राचीन व्यापारी वाटेवरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण नाणी यांची मोजदाद आहे, आणि भारतातील सर्वांत जुन्या अंकचिन्हांच्या अभ्यासात त्याला मानाचे स्थान आहे. शून्य आणि स्थानमूल्य यांच्या आधीचे हे अंक आहेत. दहा, शंभर, हजार यांना तेथे स्वतंत्र चिन्हे आहेत. पुढे लिपी विस्मृतीत गेली, आणि एकोणिसाव्या शतकात जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडेपर्यंत घाटाने जाणाऱ्या-येणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांपुढे ते हिशेब मुके होते. दगडात एकही रेघ बदलली नव्हती, वाचणारा नव्हता.

संगणकाच्या मेमरीची स्थिती याहून वेगळी नाही. 0000100100010101 ही सोळा बिटांची ओळ संख्या म्हणून वाचली तर 2,325 होते, आणि युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीनुसार वाचली तर तेच ‘क’ हे अक्षर असते. एखाद्या ध्वनिमुद्रणात तीच ओळ तबल्याच्या बोलाचा एक क्षण असू शकते. यांपैकी ती खरोखर काय आहे, याचे उत्तर त्या बिटांत नाही. ते प्रोग्रॅमने ठरवले, असे म्हटले तरी प्रोग्रॅम ही पुन्हा बिटांचीच ओळ असल्याने प्रश्न फक्त एक पायरी मागे सरकतो, आणि अखेर तो संकेत ठरवणाऱ्या व पडद्याकडे पाहणाऱ्या माणसापाशी येऊन थांबतो.

या टप्प्यावर सांख्य दर्शनाची मदत फार मोठी होते, आणि संगणकाच्या चर्चेत त्याची आठवण इतकी कमी निघावी ही खेदाची गोष्ट आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पंचवीस तत्त्वे मानली आहेत. त्यांपैकी पुरुष, म्हणजे केवळ साक्षी असणारे चैतन्य, हे एक, आणि उरलेली चोवीस ही जड प्रकृती व तिचे विकार. महत्त्वाचे हे की निश्चय करणारी बुद्धी, ‘मी’पण उभे करणारा अहंकार आणि इंद्रियांनी आणलेले जुळवून घेणारे मन ही तिन्ही पुरुषाच्या बाजूला नसून प्रकृतीच्या बाजूला आहेत. निवड करणे, तुलना करणे, निष्कर्ष काढणे या क्रिया सांख्यांच्या मते स्वभावतः जडाच्याच आहेत. त्या चेतन भासतात त्या चैतन्याच्या सान्निध्यामुळे. एका जन्मातून दुसऱ्यात जाते तेही पुरुष नव्हे, तर लिंगशरीर, म्हणजे बुद्धी, अहंकार, मन इत्यादींचा संस्कार वाहून नेणारा सूक्ष्म समुच्चय, आणि तोही प्रकृतीचाच. देहाला हार्डवेअर म्हणण्याचा आग्रहच असेल तर सॉफ्टवेअरची जागा फार तर या लिंगशरीरापाशी लागेल, आत्म्यापाशी नाही. यंत्र बुद्धिबळात माणसाला हरवते याने आत्मवादी मनुष्य अस्वस्थ होतो, पण सांख्याच्या अभ्यासकाने व्हावे असे काही त्यात नाही: जड बुद्धी जड यंत्रात घडवता आली, एवढेच तेथे सिद्ध होते.

अर्थात पुरुष मानण्यास सर्वच दर्शने तयार नाहीत, आणि जुन्नरच्या डोंगरांतच पुरुष मानणाऱ्यांच्या विरोधकांनी वस्ती केली होती. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी अशा डोंगरांत मिळून येथे दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत, आणि त्यांतील दानलेखांत यवन म्हणवणाऱ्या दात्यांचीही नावे आहेत. यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाचा ग्रंथ बौद्ध परंपरेत प्रसिद्ध आहे. त्यात नागसेन राजाला विचारतो की रथ म्हणजे चाक, आस की जू, आणि यांपैकी एकही रथ नाही असे राजाकडून कबूल करून घेऊन दाखवतो की ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला दिलेले नाव आहे, आणि ‘नागसेन’ हेही तसेच. संगणकाला हा विचार अचूक लागू पडतो. पण मग माणूस आणि यंत्र यांत अंतर काय उरले? बौद्ध विचाराचे उत्तर पंचस्कंधांत आहे. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान यांच्या प्रवाहाला व्यक्ती म्हणतात, आणि या पाचांत वेदना, म्हणजे सुख, दुःख किंवा त्यांपैकी काहीच नसल्याचा अनुभव, ही सर्व धम्माची सुरुवात आहे. यंत्राला रूप आहे, ओळखण्याची क्रिया एका मर्यादेत आहे, शिकवणीतून साठलेले संस्कारही म्हणता येतील. वेदना आहे का, हा खरा प्रश्न. आत्मा न मानणाऱ्याने विचारलेला असूनही तो आत्मवाद्याच्या प्रश्नाहून नेमका आहे.

आळे येथील समाधी या प्रश्नाला थेट भिडते. प्रचलित कथेनुसार संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत ठरलेल्या ज्ञानेश्वरांनी व त्यांच्या भावंडांनी पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे शुद्धिपत्र मागितले. सर्वांभूती एकच आत्मा असल्याचे ज्ञानेश्वरांनी म्हणताच समोरून पखाल घेऊन चाललेल्या रेड्याकडे बोट दाखवून त्यांची परीक्षा घेण्यात आली, आणि ज्ञानेश्वरांनी मस्तकावर हात ठेवताच त्या रेड्याच्या मुखातून वेदांचे उच्चार झाले. पुढे हा रेडा भावंडांबरोबर चालत आला आणि आळे येथे त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. आज शब्दांच्या प्रचंड संचयावर शिकवलेली यंत्रे अब्जावधी संख्यांचे गुणाकार करून पुढचा शब्द कोणता असावा हे काढतात, आणि वेदांवर, दर्शनांवर, अगदी चैतन्यावरही सफाईने बोलतात. ट्युरिंग यांनी 1950 मध्ये सुचवले होते की संभाषणात यंत्र माणसापासून वेगळे ओळखता आले नाही तर त्याला विचार करणारे म्हणण्यास हरकत नसावी. 1980 मध्ये जॉन सर्ल यांनी उत्तर दिले की नियमांचे पुस्तक पाहून अनोळखी भाषेतील चिन्हे बिनचूक जुळवणाऱ्याला ती भाषा समजते असे होत नाही. अर्थ न जाणता वेद घोकणारा हा केवळ भार वाहणारा खांब, असे यास्काचार्यांनी निरुक्तात या दोघांच्या कितीतरी आधी नोंदवून ठेवले आहे.

पण मग रेड्याचा वेदोच्चार कशाचा पुरावा ठरला? येथे कथेतील एका प्रसंगाकडे लक्ष दिले पाहिजे, जो सांगितला जातो पण ज्यावर थांबले जात नाही. वेदोच्चाराच्या आधी रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि त्यांचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले, असे ही कथा सांगते. एकात्मतेचा दावा तेथेच सिद्ध झाला होता. वेद म्हणवून घेणे हे त्यानंतरचे, आणि ज्यांना वळ पुरेसे वाटले नाहीत त्यांच्यासाठीचे. पठण ही त्या सभेला मान्य असलेली कसोटी होती, कारण पठणाच्या अधिकारावरच तिचे श्रेष्ठत्व उभे होते. यंत्राकडे पाहतानाही आजचा समाज तीच कसोटी लावतो आहे: ते किती अचूक बोलते, किती पाठ म्हणते. वळाची कसोटी वेगळी आहे. समोरच्याला मारले असता त्याला काही होते का, हे ती विचारते, आणि त्या दृष्टीने एक अक्षरही न बोलणारा रेडा आधीच उत्तीर्ण आहे.

वारकरी परंपरेतून एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात सारे जग चैतन्याचाच विलास मानले आहे. मग जड असे काही उरतच नसताना संगणकाला जड ठरवणे हा सांख्यांचा द्वैतवाद पुन्हा आत घेणे नव्हे काय? हा आक्षेप मान्य केला तरी वरील विवेचनाला बाध येत नाही. चिद्विलासाच्या दृष्टीने खोडदचा ग्राफिक्स प्रोसेसर चैतन्याबाहेर नाही, हे खरे; पण नाणेघाटाचा कातळही नाही, आणि पखालीतील पाणीही नाही. त्या दृष्टीत गणना करणाऱ्याला गणना न करणाऱ्यापेक्षा अधिक चैतन्य मिळत नाही, म्हणून संगणकाच्या चतुराईवरून त्याच्या आत्म्याचे अनुमान तेथेही काढता येत नाही. चार्वाकांचे म्हणणे मात्र खुले राहते: किण्वातून जशी मादकता, तशी भूतांच्या विशिष्ट जुळणीतून चेतना उपजत असेल, तर कधीकाळी घडवलेल्या वस्तूतही ती उपजणार नाही असे आधीच ठरवून टाकता येणार नाही. तो शोध जिवंत शरीर आणि मेंदू यांच्या अभ्यासातून, वेदना कशी उत्पन्न होते हे पाहत करावा लागेल. यंत्राचे बोलणे ऐकून त्याचा निकाल लागणार नाही. खोडदच्या यंत्रापुरते उत्तर आज स्पष्ट आहे. निरीक्षण चालू असताना वीज गेली तर गुणाकार थांबतात आणि मेमरीतील मांडणी विस्कटते, परंतु यंत्राच्या बाजूने त्यात काही गमावले गेले असे म्हणण्यास आधार नाही; रात्र वाया गेल्याचे दुःख होते ते पडद्यासमोर बसलेल्या संशोधकाला.